काल रात्री मुलं कुठे झोपली?

ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या ऑफिसचं लग्नघर झालेलं असतं. टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या एका उपनगरात, सरकारी शाळांच्या जिल्हा कार्यालयात मी ‘लायझन’ आहे. डोक्यावरचं छप्पर गेलेल्या कुटुंबांतली मुलं हुडकायची आणि शाळेत बसवायची, हे माझं काम. अमेरिकेत प्रत्येक शाळा जिल्ह्यात, म्हणजे एकाच कारभाराखालच्या सरकारी शाळांच्या हद्दीत, असा एक माणूस नेमावाच लागतो. मॅकिनी-व्हेंटो कायद्याची ती अट आहे. कायदा 1987 चा, त्यावर सही अध्यक्ष रेगन यांची.

त्या दिवशी सकाळीच एका मिडल स्कूलमधून फोन आला. एक बाई दोन मुलांना घेऊन आल्यात. विजेचं बिल नाही, भाडेकरार नाही, लसीकरणाचा दाखलाही नाही. काय करू?

मी म्हटलं, “आधी वर्गात बसव, कागद मागाहून बघू. मी येतेच.”

बाई तिशीतल्या, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून थेट आलेल्या, अंगात अजून तोच निळा गणवेश. भाडं थकलं, घर सोडावं लागलं, आता मुलांसह बहिणीच्या फ्लॅटमध्ये. मी प्रवेशाचा निवास-फॉर्म पुढे केला. त्यात प्रश्न साधा असतो: मुलं सध्या रात्री कुठे झोपतात? खाली चौकोन: शेल्टर, मोटेल, गाडी किंवा उघड्यावर, आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्यांच्या घरी.

बाईंनी पेन उचललं, चौकोनांवरून फिरवलं आणि खाली ठेवलं.

“हे आमच्यासाठी नाही. आम्ही माझ्या बहिणीकडे राहतो. आमच्यापेक्षा ज्यांना गरज आहे, त्यांना द्या.”

मला आमची लालबागची खोली आठवली. 1982 च्या गिरणी संपानंतर काकांचं बिऱ्हाड आमच्याकडे आलं. रात्री चुलत भावंडांचे पाय कॉटखाली आणि डोकी मोरीच्या दिशेला. या कायद्याच्या हिशेबात ती भावंडं सरळ बेघर धरली गेली असती. असं कुणी तोंडावर बोललं असतं, तर आजीनं लाटणं उगारलं असतं. त्यामुळे बाईंचा राग मला जवळचाच वाटला. पण खूण केल्याशिवाय माझे हात बांधलेले होते. इथे बेघर म्हणून नोंदल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक असेच नातेवाइकांच्या आसऱ्याला असतात. फुटपाथवरची मुलं त्यात अगदी थोडी.

कोंडी फोडली मुलीनं. आठवीतली, तोवर गप्प. म्हणाली, “मला बँड सोडायचा नाही.” ती जुन्या शाळेत ट्रॉम्बोन वाजवायची. वाद्य शाळेच्या मालकीचं. शाळा सुटली की तेही सुटणार.

मी बाईंना सांगितलं, “या चौकोनात खूण केलीत, तर ही जुन्याच शाळेत जाऊ शकते. ने-आण आमची जबाबदारी. दोघांचं जेवण आजपासून फुकट, वेगळा अर्ज नाही.”

“कुणाला कळणार?”

“शाळेत ज्यांना कळणं भाग आहे, तेवढ्यांनाच.”

त्यांनी खूण केली. इतकी बारीक, की स्कॅन करताना मला ती पुन्हा पुन्हा तपासावी लागली.

मग माझी खरी मारामारी सुरू झाली. जुनी शाळा शेजारच्या जिल्ह्यात. तिथल्या वाहतूक विभागाचं म्हणणं, मुलगी तुमच्या हद्दीत झोपते, बस तुमची. आमच्या माणसाचं म्हणणं, शिकते त्यांच्याकडे, बस त्यांची. दुपारभर हेच. कायद्यात याचंही उत्तर आहे: एकमत झालं नाही तर खर्च निम्मा-निम्मा. ते कलम मी दोघांनाही फोनवर वाचून दाखवलं. वाचताना आवाज थोडा चढला होता, हे कबूल.

आणि पैसे? इथेच गंमत आहे. या कायद्याखाली 2024 साली संपूर्ण देशासाठी मंजूर झाले सुमारे 12 कोटी 90 लाख डॉलर. त्याआधी, 2022-23 मध्ये नोंदलेली बेघर मुलं पावणेचौदा लाखांच्या घरात. डोई शंभर डॉलरसुद्धा नाहीत. शिवाय ते अनुदान स्पर्धेनं मिळतं, बहुतेक जिल्ह्यांच्या हाती काहीच लागत नाही. आमच्याही नाही. मग हात घालायचा ‘टायटल वन’मध्ये. गरीब मुलांच्या शिक्षणासाठीचा हा सर्वांत मोठा केंद्रीय निधी, वर्षाला सुमारे 1,840 कोटी डॉलर. त्याचा मूळ कायदा 1965 चा. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर याच टेक्सासात, लहानपणी आपण शिकलेल्या एका खोलीच्या शाळेपाशी सही केली, शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका बसल्या होत्या. त्या निधीतला काही वाटा बेघर मुलांसाठी बाजूला काढावाच लागतो. किती, ते मात्र जिल्हा ठरवतो. म्हणजे दर वर्षी मी आणि आमचे हिशेबनीस यांच्यात घासाघीस आलीच. त्या दिवशी बसचा आमचा निम्मा भाग तिथूनच काढला.

दोन दिवसांत व्हॅन सुरू झाली. मुलगी पहाटे पावणेसहाला निघायची. धाकटा मात्र मावशीच्या घराजवळच्या शाळेतच रमला, त्याला जुनी शाळा कधी आवडलीच नव्हती म्हणे.

डिसेंबरात बाईंचा फोन आला. स्वतःचा भाड्याचा फ्लॅट मिळाला होता.

“आता ती खूण काढून टाका.”

मी म्हटलं, “घर मिळालं तरी शालेय वर्ष संपेपर्यंत ती तशीच राहते. नियम आहे.”

“आणि व्हॅन?”

“तीही.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि नवा पत्ता सांगायला लागल्या.