तुम्ही विचारलंत म्हणून: लिहिणाऱ्यासाठी वचन कोणतं?

तरुण संघाच्या शिबिरात लेखनावर बोलून खाली उतरले की कुणीतरी हमखास वही पुढे करतं. "ताई, लिहायला उत्तेजन देणारं एखादं वचन द्या ना. पहिल्या पानावर लिहून ठेवते." मागे पाळकसाहेब घड्याळ बघत असतात, चहा निवत असतो, म्हणून मी चटकन बायबलमधल्या स्तोत्र 45 चं पहिलं वचन सांगून मोकळी होते. नाहीतर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 2:2. मुलगी खूश, मीही सुटते.

पण हे उत्तर खरं नाही. म्हणजे वचनं खरीच आहेत, पण मी त्यांच्या जिवावर लिहीत आलेली नाही. परवा एकीने फोन करून पुन्हा तेच विचारलं आणि या वेळी चहाबिहा काही नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ती दोन भिंतीवरची वचनं. "माझी जीभ म्हणजे चपळ लेखकाची लेखणी" असं स्तोत्रकार म्हणतो. ते गीत आहे राजाच्या लग्नातलं. कवी खुशीत आहे, राजा देखणा आहे, वधूची वस्त्रं भरजरी आहेत, शब्द आपोआप उसळताहेत. असे दिवस मलाही आलेत, नाही असं नाही, पण त्या दिवशी वचनाची गरज कुणाला असते? गरज लागते ती मंगळवारी दुपारी, जेव्हा तिसरा परिच्छेद दुसऱ्याशी बोलायला तयार नसतो.

हबक्कूकाचं वचन मला जास्त जवळचं, कारण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. देव त्याला सांगतो की दृष्टान्त पाट्यांवर स्पष्ट लिही, वाचणाऱ्याला धावता धावता वाचता यावा असा. आपण त्यातून मोठी प्रेरणा काढतो. मला त्यात शुद्धलेखन तपासणारी बाई दिसते. अक्षर नीट काढ, गिचमिड नको. आणि लगेच पुढच्या वचनात, वेळ लागेल, वाट पाहा. बस, एवढंच.

आता माझं खरं वचन. यिर्मया, अध्याय 36, शेवटचं वचन. ते सांगण्याआधी माझ्या वहीची गोष्ट सांगावी लागेल.

सोळा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शताब्दीसाठी मी जुन्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. नगर जिल्ह्यातल्या चार खेड्यांत एसटीने हिंडून, ओसरीवर बसून, दोनशे पानी वहीत हाताने लिहून घेतलं. वर्ष गेलं त्यात. वही टाइप करायला एका ठिकाणी दिली. त्यांनी मध्येच जागा बदलली आणि सामान हलवताना वही रद्दीत गेली. झेरॉक्स काढली नव्हती. हो, मीच. वर्गात पोरांना "एक प्रत जवळ ठेवा" म्हणून घसा कोरडा करणारी मी.

महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही. घरी रोजचं वाचन चालू होतं आणि क्रमाने नेमका यिर्मयाचा तो अध्याय आला.

यिर्मया हा संदेष्टा, त्याला जेरुसलेमच्या मंदिरात जायला बंदी आहे. तो तोंडाने सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख ते गुंडाळीवर लिहितो. उपासाच्या दिवशी बारूख ती मंदिरात, शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत, लोकांना वाचून दाखवतो. अधिकारी घाबरतात, पण जाता जाता एक मजेशीर प्रश्न विचारतात: हे सगळं तू लिहिलंस कसं? बारूख म्हणतो, तो सांगत गेला, मी शाईनं लिहीत गेलो. लेखनाबद्दल इतकं साधं उत्तर मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही. मग गुंडाळी यहोयाकीम राजापुढे जाते. नववा महिना, थंडी, राजा हिवाळ्याच्या महालात, पुढ्यात शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. चाकू लेखकाचा आहे, हे लक्षात घ्या. ज्याने लेखणी तासायची त्याच हत्याराने लिहिलेलं कापलं. गमऱ्यासह तिघं जण विनवतात, जाळू नका. राजा ऐकत नाही. सगळी गुंडाळी जळते.

आणि मग ते शेवटचं वचन. यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाला दिली, त्याने पहिलीतलं सगळं पुन्हा लिहिलं आणि त्यासारखी आणखी पुष्कळ वचनं त्यात घातली.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. दुसरी गुंडाळी पहिलीपेक्षा मोठी झाली! बारूखाची बोटं किती दुखली, तो किती वैतागला, याबद्दल चकार शब्द नाही. नुसतं, पुन्हा लिहिलं.

मी नवी वही आणली. पुन्हा एसटी. दोन आज्या मधल्या काळात गेल्या होत्या, त्यांचं जे आठवलं ते मीच लिहिलं आणि ते उणंच राहिलं, हेही सांगायला हवं. पण तिसऱ्या गावातल्या आजींनी पहिल्या खेपेला फक्त प्रार्थनामंदिर कुणी बांधलं, दगड कुठून आणले, एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर सांगते. भिंतीला गारा मी वाहिला, आठ वर्षांची होते. गवंडी जेवायला गेला न् म्या वल्या मातीत पंजा उमटवला. वरून चुना मारला त्यानी. कुनाला ठावं न्हाई." मग मला उठवून भिंतीपाशी नेलं आणि चुन्यावर आपला सुरकुतलेला हात ठेवून दाखवला, हिथं.

पहिल्या वहीत हा पंजा नव्हता.

याला जोडूनच एक गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. 1982 साली जेरुसलेमच्या जुन्या भागातल्या उत्खननात एका जळालेल्या घरात मातीच्या 51 मुद्रा सापडल्या. गुंडाळीला दोरा बांधून त्यावर ओल्या मातीची गोळी दाबायची आणि तिच्यावर शिक्का उठवायचा, अशी पद्धत होती. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं, तेव्हा गुंडाळ्या गेल्या, पण माती त्याच आगीत भाजून पक्की झाली. त्यातल्या एका मुद्रेवर नाव आहे: गमऱ्या, शाफानाचा मुलगा. जाळू नका म्हणणारा तोच हा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

बारूखाबद्दल आणखी एक अध्याय आहे, पंचेचाळिसावा, जेमतेम पाच वचनांचा. तो कॅलेंडरवर कधीच येणार नाही. बारूख कण्हतोय, थकलो, विसावा नाही म्हणतोय. देव त्याला सांगतो: तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टींची इच्छा धरतोस का? धरू नकोस. तुझा जीव तेवढा वाचवीन. पुस्तक गाजेल, नाव होईल, असलं काही आश्वासन नाही. दर वेळी माझं पुस्तक कुणी मागत नाही म्हणून मी हिरमुसते, तेव्हा हेच वचन समोर येतं आणि मी थोडा वेळ त्याच्यावर रुसते.

"पण ताई, पाचारण?" असं फोनवरची मुलगी म्हणाली. म्हणजे लिहिण्यासाठी देवाचं बोलावणं. हा शब्द आपण फार सोवळ्यात ठेवलाय. लूकाचं शुभवर्तमान उघडा. तिथे ना मोशेला दिसलं तसं जळतं झुडूप, ना स्वर्गातून वाणी. लूक सुरुवातीलाच म्हणतो: पुष्कळांनी लिहिलं आहे, मीही सगळ्याचा मुळापासून नीट शोध केला, तेव्हा मलाही वाटलं की क्रमवार लिहावं. मलाही वाटलं! दोन शब्दांची परवानगी. मात्र त्याच्या आधी "शोध केला" आहे, ते वगळून चालायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच साक्षींच्या लेखांत नेमकं तेच वगळलेलं असतं. साल नाही, गाव नाही, नुसतं "प्रभूने अद्भुत केलं".

आणि रोमकरांस पत्र, सोळावा अध्याय. एवढं थोर पत्र प्रेषित पौलाचं, पण शेवटी मध्येच एक आवाज येतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तियुस तुम्हांला प्रभूमध्ये सलाम सांगतो. तर्तियुस म्हणजे तिसरा. आपला "तृतीय" आणि तो शब्द एकाच गोत्रातले. पुढच्याच वचनात क्वर्त नावाचा भाऊ आहे, तो चौथा. नावाच्या जागी नुसता नंबर असलेली ही माणसं.

माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावातल्या निरक्षर आया मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलांना पत्रं पाठवायच्या, ती आजोबा लिहायचे. म्हशीचं दूध, दीराचं भांडण, पैसे का पाठवले नाहीस, सगळं तिच्याच शब्दांत. आणि अगदी खाली, उरलेल्या अर्ध्या ओळीत, बारीक अक्षरात: पत्र लिहिणार मास्तर यांचा सलाम वाचणे. लहानपणी मला वाटायचं, दुसऱ्याच्या पत्रात हे कशाला घुसतात? तर्तियुस भेटला तेव्हा कळलं की जागा उरली तर लिहिणाऱ्याने सलाम घालायला हरकत नाही. तेवढाच.

पौलाचं तुरुंगातलं ते मागणंही मला आवडतं, तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं: येताना त्रोवसातला माझा झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याआधी ये. मरण दारात आहे हे त्याला ठाऊक आहे आणि माणूस वाचायला मागतोय.

केडगावच्या पंडिता रमाबाईंबद्दल माझं हेच कुतूहल आहे. बेताचं शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कित्येक वर्षं एकटीने बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या बायकामुलींनीच छपाईचे खिळे जुळवले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि पुस्तक 1924 मध्ये आलं. शेवटची प्रुफं हातावेगळी करण्यापुरतं आयुष्य त्यांनी देवाकडे मागितलं होतं, असं सांगतात. इतक्या विद्वान बाईचं शेवटचं मागणं काय, तर प्रुफं.

हे सगळं ऐकून फोनवरची मुलगी म्हणाली, "पण यातलं पहिल्या पानावर काय लिहू?" मी म्हटलं, पहिलं पान कोरं ठेव आणि वहीची झेरॉक्स काढ. तिला ते विनोदी वाटलं.

आता थांबते. मासिकाकडून माझ्या लेखाची प्रुफं आली आहेत आणि जुळारीने तीन ठिकाणी बारूखाचा बारूद केलाय. संध्याकाळपर्यंत परत पाठवायची आहेत.