निकामी सेलमधले जस्त आणि साळ नदीचे पाणी
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी टाकाऊ वस्तूंपासून प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पाण्यातली घाण मोडणारा पदार्थ, तयार करून दूषित पाणी शुद्ध करण्याचा विषय घेतला. भिंतीवरच्या घड्याळांतले निकामी झिंक-कार्बन सेल मडगावच्या दुकानदारांनी दिले. करवंट्या तर गोव्यात घरोघरी मिळतात.

सेल फोडल्यावर आत मँगनीज डायॉक्साइडची काळी भुकटी आणि कार्बनची कांडी निघते, पण बाहेरची डबी जस्ताची असते. ती घासून विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवली, गाळलेल्या द्रावणात सोडियम कार्बोनेट घातले आणि खाली बसलेला पांढरा साका धुऊन, वाळवून मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंदिस्त भट्टीत) साधारण 500 अंश सेल्सिअसला तापवला. भट्टीतून काढलेले झिंक ऑक्साइड पिवळे दिसते आणि निवताना डोळ्यांदेखत पांढरे होते. हे दृश्य मला दर वेळी थांबून पाहावेसे वाटते. त्यात करवंटीच्या कोळशाची पूड मिसळली की उत्प्रेरक तयार.

मेथिलीन ब्लू हा चाचणीचा रंग घातलेले निळे पाणी त्याने उन्हात लवकर फिके केले, पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कारण कोळसा अंधारातही रंग शोषून घेतो आणि हा रंग उत्प्रेरकाशिवायही उन्हात थोडाफार उडतो. म्हणून मिश्रण आधी अर्धा तास अंधारात ढवळले, एक भांडे शेवटपर्यंत अंधारातच ठेवले, दुसऱ्यात भुकटी न घालता ते उन्हात ठेवले आणि 664 नॅनोमीटरवरची (हा रंग जो प्रकाश सर्वाधिक शोषतो त्या तरंगलांबीवरची) मोजमापे या दोहोंशी ताडून पाहिली. ही तुलना नसेल, तर कोणताही दावा मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मडगावजवळच्या साळ नदीच्या पाण्यात मिसळलेला तोच रंग बराच सावकाश उतरला. तिथे सांडपाण्याचा गढूळपणा प्रकाश अडवतो, आणि प्रकाशामुळे तयार होणारे आणि रंग मोडणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) भरतीच्या पाण्यातल्या क्लोराइडवर व बायकार्बोनेटवर खर्ची पडतात. शिवाय झिंक ऑक्साइडला लागणारे अतिनील किरण सूर्यप्रकाशात पाच टक्क्यांच्या आसपासच असतात.

सध्या ही भुकटी काचेच्या पट्ट्यांवर पक्की बसवण्याचे काम चालू आहे, कारण आम्लधर्मी पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळते आणि मोकळी भुकटी मागे राहिली, तर शुद्ध केलेल्या पाण्यातच माशांना घातक असे जस्त उतरेल.