पुन्हा टो ट्रक

आज सकाळी ऑफिसला जाताना आय-९६ हायवेवर गाडीने पुन्हा मान टाकली. गिअर बदलताना एक जोराचा हिसका, मग इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी काही पुढे सरकेना. रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर टो ट्रकची वाट बघत बसले. बाजूने ट्रक गेला की अख्खी गाडी थरथरायची. गॅरेजवाला म्हणाला, ट्रान्समिशन गेलं. पॉवरट्रेनची (म्हणजे इंजिन, ट्रान्समिशन वगैरेची) वॉरंटी ६०,००० मैलांची, ती नुकतीच संपलेली! हप्ते मात्र चालूच आहेत.

गाडी अशी बिघडली की लोक कारखान्यातल्या कामगारांकडे बोट दाखवतात, पण त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. जीएमचा (जनरल मोटर्सचा) कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच काम पुन्हा सुरू झालं, बरेचसे कामगार जुनेच, आणि गाड्या उत्तम निघू लागल्या. टोयोटाची कॅमरी तर १९८८ पासून इथेच अमेरिकेत, केंटकीतल्या जॉर्जटाउनला बनते. शेजाऱ्यांची जुनी कॅमरी आजही कुरकुर न करता पळतेय. मग घोडं पेंड खातं कुठे? मला विचाराल तर डिझाइनमध्ये, आणि सुट्या भागांत पैसे वाचवणाऱ्या वरच्या मजल्यावर.

उद्या डीलरकडे जाऊन भांडणार आहे. मिशिगनमध्ये कुणाला वॉरंटी संपल्यावरही कंपनीकडून दुरुस्तीचा खर्च मिळाला असेल, तर प्लीज सांगा.