चारही बाजू कशासाठी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच नीट सांगतो, कारण रविवारच्या बैठकीत कुणी ना कुणी हे विचारतंच. क्रीम या तिघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा ‘व्हील्स ऑफ फायर’ हा दोन रेकॉर्डींचा अल्बम लावला की पहिल्याच ‘व्हाइट रूम’ गाण्याला सगळे माना डोलावतात. पहिली रेकॉर्ड संपते, मी दुसरी पाकिटातून काढतो आणि सुरू होतं : ‘भाऊ, ही कशाला? सोळा मिनिटं नुसता ड्रम कोण ऐकतं?’ पुण्याहून येणारे दोघं नेमकं उलटं विचारतात. लाइव्ह रेकॉर्ड हाताशी असताना स्टुडिओतला तो गुळगुळीत माल ऐकायचा कशाला? दोन्ही पार्ट्यांना माझ्याकडून निवाडा हवा असतो. मी देत नाही, म्हणून हट्टी ठरतो.

अल्बम १९६८चा. एक रेकॉर्ड स्टुडिओतली, नऊ गाण्यांची. दुसरी लाइव्ह, तिच्यावर चारच गाणी. तिचं नाव ‘लाइव्ह ॲट द फिलमोर’, पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या फिलमोर सभागृहातलं त्यात एकच, तो सोळा मिनिटांचा ड्रमवाला ‘टोड’. बाकीची तीन त्याच शहरातल्या विंटरलँडमधली. स्टुडिओत हे तिघं तिघंच राहत नाहीत. बास वाजवणारा जॅक ब्रूस चेलोही घेतो, निर्माता फेलिक्स पॅपलार्डी ‘व्हाइट रूम’मध्ये व्हायोला वाजवतो, थरावर थर चढत जातात. ‘ॲज यू सेड’मध्ये तर गिटारवाला एरिक क्लॅप्टन वाजवतच नाही. दुसऱ्या रेकॉर्डवर तीन माणसं आणि समोर लोक, बस. हुकलं तर झाकायला काही नाही.

आणि हुकतंही. या लाइव्ह रेकॉर्डवरचं ‘क्रॉसरोड्स’ ऐकून जगभरच्या पोरांनी गिटार हातात घेतली, पण क्लॅप्टनला स्वतःला ते वाजवणं फारसं पसंत नाही. सोलोत तिघांचा ठेका इकडेतिकडे झाला, असं त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलंय. ती जागा मी कान देऊन ऐकली आहे. सम कुठे आहे यावर तिघांचं एकमत नाही, आणि थांबायला कुणीच तयार नाही. ते कडेवरून पुढे जाणं स्टुडिओत होत नाही. तिथे पुन्हा घ्या म्हणतात.

होस्टेलवर असताना मी पक्का स्टुडिओवाला होतो. गाणं एकदाच घडवावं, पाहिजे तितका वेळ घेऊन, पाहिजे ती वाद्यं आणून. स्टेजवरचं ज्या रात्रीचं त्या रात्रीला, असं मी तावातावानं सांगायचो. आज त्या पोराशी वाद घालायला बसलो तर तो काही गप्प बसत नाही. ‘डेझर्टेड सिटीज ऑफ द हार्ट’ पुढे करतो आणि विचारतो, हे तिघांनी स्टेजवर असंच्या असं करून दाखवलं असतं का? माझ्याकडे उत्तर नसतं.

पण त्या पोरानं तेव्हा बापूंची कॅसेट ऐकलेली नव्हती.

आमचे बापू वही म्हणायचे, म्हणजे खानदेशातलं डफावरचं लोकगाणं. अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांत यात्रेला त्यांचं मंडळ असायचं. हातात डफ, मागे झील धरणारे साथीदार, आणि रात्र उजाडेपर्यंत कार्यक्रम. नव्वदीच्या दशकात खानदेशी गाण्यांच्या कॅसेटी धडाक्यानं खपत होत्या. एका कॅसेटवाल्यानं बापूंना शहरातल्या स्टुडिओत बोलावलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी सोबत होतो. झीलकऱ्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. कोरससाठी त्यांची माणसं ठरलेली होती, ती नंतर येऊन गाणार होती. डफाऐवजी मशीनचा ठेका. बापूंना काचेपलीकडे उभं करून कानांवर हेडफोन चढवला. पागोटं काढावं लागलं, ते त्यांनी काखेत धरलं. एका बाजूला अर्धाच तास, तेव्हा एक वही सहा मिनिटांत आटपा, असं सांगण्यात आलं. जी वही गावात तासभर चालते, ती.

बापूंनी सुरुवात केली आणि पहिल्या ओळीनंतर थांबले. झील यायला पाहिजे होती, ती आली नाही. काचेमागून खूण झाली : चालू ठेवा, नंतर भरू. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच थांबले. पुन्हा तेच. शेवटी हेडफोन एका कानावरून सरकवून ते माझ्याकडे बघत अहिराणीत म्हणाले, ‘आठे कोनीच नही. म्हनू कोनले?’

मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. मग त्यांनी सगळं म्हटलं, सहा-सहा मिनिटांत, एका दमात. बाहेर बाकावरचे सगळे ऐकत होते, पण दार बंद होतं. पैसे किती मिळाले ते लिहीत नाही. त्या आकड्यानं अजून पोटात कालवतं. कॅसेट निघाली आणि गावातल्या एका लग्नात वाजली. बापू पंगतीतून उठले आणि घरी गेले. आमच्या घरात ती पुन्हा लागली नाही.

तेव्हापासून बरीच वर्षं मी कट्टर लाइव्हवाला झालो. हा राग रास्त होता, अजूनही आहे. पण बापू गेल्यावर मी ती कॅसेट काढून ऐकली, आणि तिच्यात असं काही निघालं जे यात्रेत कधीच कानावर आलं नव्हतं. ओळ संपताना ते आवाज खाली नेत, अगदी पुटपुटण्याइतका. यात्रेच्या कर्ण्यात आणि गर्दीत तो कुठच्या कुठे जायचा. स्टुडिओच्या माइकनं तो धरलाय. श्वास घेतलेला ऐकू येतो. ज्या खोलीनं त्यांचा अपमान केला, त्याच खोलीनं हे मला दिलं. हिशेब कसा लावू, सांगा.

यात्रेचीही एक टेप आहे. कुणीतरी मंडपाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टांगला होता. तिच्यात मूल रडतं, माइकवरून हरवलेल्या बैलाची पुकार होते, आणि एका ठिकाणी बापू ओळ विसरतात. झीलकरी ती उचलतात, बापू मोकळं हसतात, तीच ओळ चढ्या आवाजात पुन्हा घेतात. मागे माणसांचा हुंकार येतो. ‘क्रॉसरोड्स’मधली जागा मला जी वाटते ती यामुळे.

‘टोड’ बापूंनी एकदा ऐकला होता, माझ्या खोलीत खाटेवर बसून, पुरता. जिंजर बेकरचा ड्रम चालू असताना मध्येच म्हणाले, ‘हाऊ एकलाच वाजाडी ऱ्हायना? बाकीना कोठे ग्यात?’ मी सांगितलं, शेवटी परत येतात. ते परत येईपर्यंत बापू हलले नाहीत. तुम्ही मात्र त्या सोळा मिनिटांत चपला शोधता.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पिंक फ्लॉइडनं ‘उमागुमा’ काढला. तोही दुहेरी, पण आधी लाइव्ह, मग स्टुडिओ, आणि स्टुडिओच्या भागात प्रत्येकानं आपापलं वेगळं केलेलं. तो मला एवढा लागत नाही. क्रीममध्ये निदान तेच तिघं दोन्हीकडे एकमेकांशी झुंजतात. अल्बम आला त्याच वर्षाच्या, १९६८च्या, नोव्हेंबरात ते वेगळेही झाले.

इंग्लंडात स्टुडिओची रेकॉर्ड एकटीही विकायला ठेवली होती. ज्यांना तेवढीच हवी त्यांनी ती मिळवावी. माझ्याकडे बैठक चारही बाजूंची होईल. शेवटची गाडी पकडायची असेल त्यांनी आधीच सांगावं, आपण लवकर सुरू करू.

बापूंच्या दोन्ही टेपा आता पुतण्याकडे दिल्यात, कॉम्प्युटरवर घ्यायला. यात्रेच्या टेपमधलं मूल आणि बैलाची पुकार काढता येईल, असं तो म्हणतो. बैलाचं नको म्हणून सांगितलंय. मुलाचं अजून ठरत नाही. नेमक्या त्या रडण्याखाली बापूंची एक ओळ दबली आहे.