नुसतं उठायला मला सोळा दिवस लागले

पुरुषोत्तम करंडकाला दोन वर्षं एकांकिका करून मी नाट्यशिक्षणाला आले होते. दुसऱ्या सत्रात न्यूट्रल मास्कचा, म्हणजे कुठलाच भाव नसलेल्या मुखवट्याचा, वर्ग लागला तेव्हा वाटलं, चेहराच झाकायचाय, संवाद नाहीत, पाठांतर नाही. सुटलो!

त्याआधीची मूव्हमेंट, कोलांट्या, एकमेकांना उचलणं वगैरे मजेत गेलं. अडलं ते ‘उठण्या’त.

मास्क लावून जमिनीवर आडवं पडायचं. जागं व्हायचं, उठायचं, उभं राहून समोर बघायचं. बस. नाव नाही, गाव नाही, काल काय झालं ते नाही. जणू पहिल्यांदाच जागे होताय. पहिल्या दिवशी मी आळस दिला, आळोखेपिळोखे दिले आणि सवयीने डोळे चोळायला गेले. हात टणकन मास्कवर. मास्कला हात लावायचा नाही हा पहिला नियम. (दुसरा, प्रेक्षकांकडे पाठ करूनच तो चढवायचा.) मॅडम म्हणाल्या, “पुढे कोण?”

दुसऱ्या दिवशी आळस काढून टाकला. कोपरावर टेकून उठतेय तोवर, “पुढे कोण?” तिसऱ्या दिवशी हळू उठले, चौथ्या दिवशी झटकन. “पुढे कोण?” सहाव्या दिवशी न राहवून विचारलं, “मॅडम, नक्की चुकतंय काय?” तर म्हणे, “तूच बघ.” आता मी काय बघणार? मास्कला आठ आण्याएवढी दोन भोकं, आणि माझा चार नंबरचा चष्मा आत मावत नाही म्हणून पिशवीत! आत स्वतःचाच श्वास कुकरसारखा ऐकू येतो, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतो आणि पुसायची सोय नाही.

ही पद्धत झाक लकोक या फ्रेंच नाट्यशिक्षकाची. मुळात कसरतीतला, खेळातला माणूस. इटलीत असताना अमलेतो सार्तोरी नावाच्या शिल्पकाराबरोबर त्याने चामड्याचा न्यूट्रल मास्क घडवला आणि 1956 मध्ये पॅरिसला शाळा काढली. (आमचे मास्क कागदाच्या लगद्याचे, चामड्याचा परवडतो कोणाला?) त्याच्याकडे काय करायचं ते सांगत नसत, काय चाललं नाही ते सांगत. मान्य. पण आमच्याकडे तेही सांगत नव्हते! याला शिकवणं म्हणतात हे मला आजही पटलेलं नाही. सोळा दिवसांतले दहा तरी वाचले असते.

वाचवलं ते जव्हारकडच्या एका वर्गमित्राने. बोहाडा म्हणजे तिकडचा मुखवटे नाचवायचा उत्सव, त्यातलं एक सोंग त्यांच्या घराकडे आहे; टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईवर मुखवटे नाचताना बघतच तो मोठा झालाय. तो दुसऱ्याच दिवशी उठून मोकळा झाला होता. कॅन्टीनला चहा पिताना सहज म्हणाला, “तू आतल्या आत डोळे फिरवतेस. बाहेरून मुखवटा मेल्यासारखा दिसतो. नाकाने बघ.”

नाकाने बघ! त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर जादाचा एक मास्क लावला आणि मैत्रिणीला मोबाइलवर शूट करायला सांगितलं. (हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा, वर्गात फोनला बंदी असेल तर बाहेर करा.) बघितलं तर खरंच. माझे डोळे कठड्याकडे गेलेत, मास्क मात्र आभाळाकडे बघतोय. शिवाय हनुवटी बोटभर खाली गेली की तोच मास्क रडवेला दिसतो, बोटभर वर गेली की उर्मट. मी रोज उर्मट उठत होते.

सोळाव्या दिवशी पडून राहिले. आधी श्वास. मग नाक खिडकीच्या उजेडाकडे, त्यामागून मान, मग छाती, मग बाकीचं धूड. उभी राहिले. कोणी बोलेना, पंख्याची खरखर तेवढी ऐकू येत होती. मग मॅडम म्हणाल्या, “हं.” आणि लगेच, “पुढे कोण?” त्या ‘हं’वर मी तीन दिवस तरंगत होते.

नंतरचे लार्व्हल मास्क म्हणजे स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या कार्निव्हलमधून आलेले मोठे, पांढरे, अर्धवट घडवल्यासारखे चेहरे. ते आणि बोलायची मुभा असलेले इटालियन धाटणीचे अर्धमुखवटे भुर्रकन संपले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसती धमाल.

चष्मा असेल तर आधीच लेन्सची सवय करा. अंगाबरोबर बसणारे काळे कपडे घ्या. ढगळ टी-शर्टात पाठ काय करतेय ते कोणालाच दिसत नाही. केस घट्ट बांधा, इलॅस्टिकमध्ये अडकले की भर वर्गात डोळ्यांतून पाणी येतं. आणि मास्क एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जातो, तेव्हा आतून पुसायला स्वतःचा कपडा ठेवा. माझ्या आधी ज्याचा नंबर असायचा तो रोज सकाळी मिसळ खाऊन यायचा.