उलटं बसल्यावर काय दिसतं?

मी रोइंग (वल्ही मारून बोटींची शर्यत) करायचे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तुम्ही उलट्या तोंडाने बसता ना? मग पुढे आहात की मागे, कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मागे पडलात तर काही दिसत नाही. पुढे गेलेल्या बोटी तुमच्या पाठीकडे, आणि सारखी मान वळवली तर बोट डगमगते. जो पुढे असतो त्याला मात्र सगळं दिसतं, आणि खरी पंचाईत त्याचीच. शेजारची बोट वर येऊ लागली की आधी तिच्या नाकावरचा छोटा रबरी चेंडू डोळ्याच्या कोपऱ्यात येतो. मग तिची पहिली खेळाडू, मग दुसरी. शेवटी शेपूट सरकलं की ती दिसेनाशी! माझं असं एकदाच झालं, तेही एका फुटकळ स्पर्धेत. पण तो चेंडू अजून आठवतो.

म्हणून ब्रिटनची रोइंगपटू कॅथरिन ग्रेंजर हिला कुणी 'बिचारी, रौप्यवाली' म्हटलं की मला राग येतो. सिडनी 2000 आणि अथेन्स 2004 च्या ऑलिंपिकमध्ये तिला रौप्य मिळालं होतं. बीजिंगला 2008 मध्ये तिची चौघींची बोट उतरली ती सलग तीन वर्षांची जगज्जेती म्हणून. (त्यातलं 2006 चं सुवर्ण मागाहून हाती आलं, कारण आधी जिंकलेली रशियन बोट उत्तेजकात सापडली.) 2000 मीटरमधलं बहुतेक अंतर त्या पुढे होत्या. शेवटचे 250 मीटर उरले की लेन आखणाऱ्या तरंगत्या गोळ्यांचा रंग बदलतो. त्या अखेरच्या टप्प्यात चीनची बोट वर आली आणि निघून गेली. चौघींनी ते बसल्या जागी पाहिलं असणार, हातातली वल्ही न थांबवता. पदक घेताना त्या रडत होत्या.

लंडनला 2012 मध्ये अॅना वॉटकिन्सबरोबर डबल स्कल्सचं (दोघींची बोट, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही) सुवर्ण एकदाचं मिळालं. ही जोडी 2010 पासून एकही शर्यत हरली नव्हती. मग ग्रेंजरने खुनाच्या गुन्ह्यांतल्या शिक्षांवरची पीएच.डी. पुरी केली. आता थांबेल म्हणावं, तर चाळिशीत 2016 ला रिओत हजर! व्हिक्टोरिया थॉर्नलीबरोबर बराच वेळ पुढे होती, आणि शेवटी पोलंडने गाठलं. पाचवं पदक, चौथं रौप्य.

रिओचा तो व्हिडिओ मी अजून पूर्ण पाहिलेला नाही. गोळ्यांचा रंग बदलला की बंद करते.