तुम्ही विचारलंत म्हणून: क्लाउडनं आमचं नेमकं वाचवलं काय?

लग्नाच्या पंगतीत, असोसिएशनच्या चहाला, आणि गेल्या महिन्यात तर एका बाराव्यालासुद्धा तोच प्रश्न आला. "ताई, त्या क्लाउडला महिन्याला साडेतीन हजार भरता. फौंड्री केवढी तुमची, त्यात वाचलं काय?" विचारणाऱ्याला 'काही नाही' एवढंच ऐकायचं असतं. मी हसते आणि भाजी वाढून घेते. आज सांगून टाकते.

आधी कबुली. २०१८ साली आमच्या सीएंनी हेच, म्हणजे सगळी माहिती इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ठेवायचं, सुचवलं तेव्हा सगळ्यात मोठ्या आवाजात नाही म्हणणारी मीच होते. आपले रेट, आपले पॅटर्न, म्हणजे साचे ज्यावरून घडतात त्या नमुन्यांची माहिती, कुणा परक्याच्या मशीनवर कशाला? आपलं आपल्या कपाटात बरं. कुठल्या पॅटर्नला रायझर (गोठताना जादा रस पुरवणारा भाग) केवढा, चिल (रस लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) कुठं, धातू किती तापमानाला ओतायचा, हे सगळं आबांनी पंचवीस वर्षं एका डायरीत लिहिलं होतं. दोन उन्हाळे खपून मी ते एक्सेलमध्ये उतरवलं. १४० पॅटर्न. मग आबांना म्हणाले, "आता ही लागत नाही, ठेवते खाली." आणि डायरी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकली.

ओतकामाचा कारखाना गोकुळ शिरगावला, उंचावर. ऑफिस मात्र शाहूपुरीत, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पंचगंगेला महापूर. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. पहिल्या संध्याकाळी मी सीपीयू उचलून टेबलावर ठेवला, शटर ओढलं आणि घरी आले. आमच्या गाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी कधी आलंच नव्हतं. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. हे वाक्य लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो.

शटर उघडलं तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. टेबल तरंगून उलटं पडलेलं, सीपीयू चिखलात पालथा. आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ कपाटाशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि खालचा खण हातानं उपसायला लागले. डायरी मिळाली. टॉवेलात गुंडाळून घरी आणली, गच्चीत एकेक पान सोडवून, वर छोटे दगड ठेवून वाळत घातलं. बॉलपेननं लिहिलेली थोडी पानं वाचता आली. बाकी सगळी नुसती निळी. आबा शाईपेननं लिहायचे. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर जुन्या गिऱ्हाइकाची पंपाच्या बॉडीची ऑर्डर आली. पॅटर्न रॅकवर, त्याच्या माहितीचं कार्ड कुठंच नाही. आबांनी आठवून रायझर लावला. मशिनिंगला गेल्यावर आत पोकळी निघाली, श्रिंकेज. दुसरा लॉटही तसाच. तिसऱ्या वेळी मोल्डिंगच्या पोरांसमोर आबा म्हणाले, "माझ्या ध्यानात न्हाई राहिलं रे." पोरं खाली बघत उभी राहिली. मी ऑफिसात निघून गेले.

पर्यावरणाचं बोलायचं तर आमच्या धंद्यात ते रिजेक्शनपासून सुरू होतं. इंडक्शन (विजेच्या) भट्टीत एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. ग्रिडच्या विजेला युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर टनामागे चारशे किलोच्या वर गेला. फुकट गेलेला माल पुन्हा भट्टीत टाकता येतो, लोखंड परत मिळतं. वीज मिळत नाही. त्या पंपाच्या बॉडीपायी आम्ही तेच लोखंड तीन-तीनदा वितळवलं, आणि कारण काय, तर एक आकडा पुसला गेला.

पुढच्याच महिन्यात क्लाउड घेतला. नंतर भट्टीला मीटर बसवला, तो मिनिटामिनिटाचे युनिट वर पाठवतो. आठवडाभरातच दिसलं की जेवणाच्या आधी रोज वीसेक मिनिटं तयार रस नुसता धरून ठेवतोय, कारण साचे तयार नसतात. मी ग्राफ घेऊन मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, साच्याची वाळू कालवणारा सँड मिक्सर कमी पडतोय हे मी चार वर्षं सांगतोय. ह्या डब्यानं सांगितल्यावर पटलं व्हय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिक्सर बदलला. मिस्त्री अजून त्या मीटरला 'हवालदार' म्हणतात.

आता मोठे खरेदीदारही टनामागे युनिट, पाणी, भंगाराचं प्रमाण विचारतात. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, त्याचे फॉर्म खाली आमच्यापर्यंत झिरपतात. पूर्वी मी ते अंदाजपंचे भरायचे. आता खरे आकडे भरते. त्यानं रेट पाच पैशांनीही वाढलेला नाही, तेही लिहून ठेवा.

आणि २०१८ ची मी अगदीच चुकीची होते असंही नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला एक डेटा सेंटर, म्हणजे क्लाउडची मशीनं ठेवायची जागा, जळालं, कित्येकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. म्हणजे माझाच ड्रॉवर, फक्त मोठा. त्या सेंटरांनाही वीज लागते, थंड ठेवायला पाणी लागतं, ते माझ्या टनामागच्या हिशेबात कुठं धरलंय? २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी मी घरी बसून फोनवर सगळे हिशेब बघत होते, आणि तयार माल शिरोलीच्या अलीकडे ट्रकमध्ये अडकून पडला होता. डेटा कोरडा, माल तिथंच.

तेव्हा वाचलं काय? तुम्ही विचारता तसा आकडा मला अजून काढता आलेला नाही. आबा नवीन डायरीत लिहितात, बॉलपेननं. दर शनिवारी मी पानांचे फोटो काढून वर चढवते. १४० पैकी ९९ कार्डं पुन्हा झाली. उरलेल्या ४१ ओळींत पॅटर्नचा नंबर आहे, पुढचे रकाने मोकळे. ते ४१ पॅटर्न रॅकवर आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळा आबांनीच त्याला फाटकाबाहेर काढलं.